ग्राफिक डिझायनरचा दिवस: डिझाईन सोडून बाकीचं सगळं

समासातला

ग्राफिक डिझाईनला जायचं म्हणणाऱ्यांना कुठलं सॉफ्टवेअर शिकावं, कुठला कोर्स करावा, पोर्टफोलिओत काय ठेवावं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. नोकरीला लागल्यावर सकाळी खुर्चीत बसल्यापासून रात्री उठेपर्यंत माणूस नेमकं करतो काय, हे फारसं कुणी सांगत नाही. मग पहिल्या वर्षातच पोरं हिरमुसतात आणि "यासाठी का एवढं शिकलो?" म्हणतात. म्हणून फोरमवर हा धागा काढतोय. जाहिरात एजन्सी, प्रकाशन आणि पॅकेजिंग अशा तिन्हीकडे कामं केली आहेत, त्यातून दिसलं ते लिहितो. इतरांनी आपापल्या कोपऱ्यातलं लिहावं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या धंद्यात माणूस डिझाईन करून फारसा थकत नाही, डिझाईनच्या आजूबाजूच्या वेळानं थकतो. ब्रीफ (क्लायंटला काय हवंय ते सांगणं) समजून घेणं, मंजुरीची वाट बघणं, पटवणं, तेच काम नव्या मापात बसवणं, फाईल नीट बांधून देणं. हा वेळ पगार ठरवताना कुणी मोजत नाही आणि कोटेशन देताना आपणही मोजत नाही. घोडं तिथेच पेंड खातं.

नवख्याचा बहुतेक दिवस ॲडॅप्टेशनमध्ये जातो. सीनियरनं एक उभं पोस्टर केलेलं असतं, त्यातून चौकोनी पोस्ट, आडवा बॅनर, मोबाइलची उंच स्क्रीन, अंगठ्याएवढं चित्र असं सगळं काढायचं. ऐकायला हमाली वाटते, पण खरी गंमत इथेच आहे. समजा उभ्या पोस्टरमध्ये वर तीन ओळींचा मथळा, मध्ये चेहरा, खाली उत्पादन आणि कोपऱ्यात लोगो आहे. आता हेच लांबट, चिंचोळ्या पट्टीत बसवायचंय. मथळा एका ओळीत आणला की अक्षरं बारीक होतात. चेहरा पूर्ण ठेवला तर उत्पादन काडेपेटीएवढं होतं. अटी-शर्तींची ओळ कायद्यानं हवी, पण त्या मापात ती मुंग्यांची रांग दिसते. काहीतरी सोडावं लागणार. मूळ जाहिरातीचं म्हणणं काय होतं हे ज्याला कळलंय त्यालाच काय सोडायचं ते कळतं. आणि क्लायंटचं म्हणणं असतं की काहीच सोडू नका.

त्याखेरीज फोटोतली पार्श्वभूमी कापून काढणं, तयार फोटो विकणाऱ्या स्टॉक साइटवर हवा तो फोटो धुंडाळणं, शेवटच्या क्षणी बदललेला फोन नंबर सगळ्या फायलींत बदलणं. नव्या कल्पनेवर शांतपणे विचार करायला मिळतो तो वेळ यातून उरलेला. सीनियर झालात की कापाकापी कमी होते, तिची जागा मीटिंगा घेतात.

ब्रीफबद्दल काय बोलावं! "फ्रेश हवं पण ब्रँडला धरून", "सिंपल ठेवा पण रिकामं नको", "जरा प्रीमियम वाटलं पाहिजे". अशा ब्रीफवर लगेच काम सुरू करायचं नाही. हे कोण बघणार, किती अंतरावरून, किती सेकंद, बघून त्यानं काय करायचं, हे विचारून घ्यायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: शेवटची मंजुरी कोण देणार? समोर बसलेला माणूस मान डोलावतो, आपण आठवडाभर राबतो, आणि मग कधीही न दिसलेले मोठे साहेब उगवतात. त्यांना हिरवा रंग आवडत नाही.

करेक्शनं तर येणारच, त्याची चिडचिड करून उपयोग नाही. पण सगळी करेक्शनं सारखी नसतात. स्पेलिंग चुकलं, किंमत चुकली, ती आपण निमूट करायची. "हा निळा जरा गडद करा" ही आवड झाली, तिच्यावर दोन वाक्यं बोलून बघायची आणि सोडून द्यायची. पण "आम्ही विचार केला की हे तरुणांसाठी नको, कुटुंबांसाठी करूया" याला करेक्शन म्हणत नाहीत. ते नवं काम आहे. नोकरीत असाल तर नवी तारीख मागा, स्वतःचा धंदा असेल तर नवे पैसे. हा फरक बोलून दाखवायला शिकणं मला कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा मोठं शिक्षण वाटतं.

वेळेचं गणित विचित्र असतं. दिवसभर फीडबॅकची वाट बघायची, फीडबॅक संध्याकाळी निघायच्या वेळी येतो, आणि सकाळी पहिल्या मीटिंगला काम तयार हवं असतं. पिच, म्हणजे नवं काम मिळवण्यासाठीचं सादरीकरण, असेल तेव्हा तर विचारूच नका. मनगट, मान आणि डोळे यांची वाट लागते ती याच रात्रींत. दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद बघा, हा डोळ्यांच्या डॉक्टरांचा सल्ला सगळ्यांना पाठ असतो. पाळताना मी कुणाला पाहिलं नाही. माउसऐवजी पेन टॅब्लेट घेतल्यावर माझं मनगट मात्र सुधारलं.

शाईवाला

धागा आवडला. मी टेबलाच्या पलीकडचा, प्री-प्रेसवाला, म्हणजे छपाईआधी फायली तपासून तयार करणारा. तुमच्या सुंदर फायली आमच्याकडे आल्यावर त्यांचं काय होतं ते सांगतो.

पडद्यावर रंग उजेडानं बनतो, कागदावर शाईनं. लाल-हिरवा-निळा यांतून तयार झालेला तो झगझगीत निळा छपाईच्या चार शाईंत (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी) कधीच उतरत नाही, मळकट जांभळ्याकडे जातो. क्लायंटनं मोबाइलवर बघून मंजूर केलेला असतो तो झगझगीत निळा. मग भांडण कुणाशी? मशीनवाल्याशी. डिझायनरनं सीएमवायकेमध्ये, म्हणजे याच चार शाईंच्या रंगांत, बदलून आधीच दाखवलं असतं तर हा वाद झालाच नसता.

बारीक काळा मजकूर चारही शाईंत सोडलेल्या फायली अजून येतात. प्लेट केसभर जरी सरकली तरी प्रत्येक अक्षराला रंगीत सावली पडते. मजकूर फक्त काळ्यात, शंभर टक्के, ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता त्यावरच छापणं), एवढं लक्षात ठेवा. याच्या उलटं म्हणजे गडद फोटोवर बारीक पांढरी अक्षरं. शाई आजूबाजूनं आत सरकते आणि आधी अक्षरांच्या सडपातळ रेषा गायब होतात. त्यात वर्तमानपत्राचा कागद असेल तर शाई पसरणारच. तिथे चारही शाईंच्या टक्क्यांची बेरीज साधारण २४० टक्क्यांच्या आत ठेवावी लागते, गुळगुळीत आर्ट पेपर ३०० किंवा थोडं वर सोसतो. ज्यानं आर्ट पेपरची फाईल तशीच वर्तमानपत्राला पाठवली, त्याचा फोटो चिखल होऊन छापला जातो.

ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर वाढवलेला भाग, ३ मिलीमीटर. हे दरवेळी सांगावं लागतं याचंच आश्चर्य वाटतं. कटिंग मशीन थोडं इकडेतिकडे होतंच, ब्लीड नसेल तर कडेला पांढरी चीर दिसते. आणि फोटो ३०० पीपीआय (दर इंचाला ३०० पिक्सेल) म्हणजे छापायच्या मापात ३००. छोटा फोटो ताणून फक्त आकडा बदलला तर त्यात तपशील कुठून येणार? मोठ्या होर्डिंगला मात्र ३०० मागणारे भेटतात तेव्हा हसू येतं. ते लांबून बघायचं असतं, बरंच कमी चालतं.

पॅकेजिंगमध्ये डाय-लाईन, म्हणजे खोकं कापायच्या आणि दुमडायच्या रेघा, वेगळ्या स्पॉट रंगात (चार शाईंखेरीजच्या स्वतंत्र रंगात) आणि ओव्हरप्रिंटवर ठेवायची. नाहीतर खोक्याच्या घड्यांवर गुलाबी रेघ छापून येते आणि ती रेघ हजारो खोक्यांवर असते.

रंगांना ठरावीक नंबर देणाऱ्या पँटोन कंपनीबद्दलही सांगतो. १९६३ साली त्यांची रंग जुळवायची पद्धत आली ती यासाठीच, की दोन ठिकाणच्या दोन माणसांनी एकाच रंगाबद्दल बोलावं. पण तो रंग त्यांच्या छापील नमुन्यांच्या पुस्तकात बघून ठरवा, पडद्यावर नको. पुस्तकही वर्षानुवर्षं वापरू नका, कागद पिवळा पडतो आणि रंग उडतो. २०२२ च्या शेवटी फोटोशॉप बनवणारी अडोबी आणि पँटोन यांचं बिनसलं, तेव्हा पैसे न भरलेल्यांच्या जुन्या फायलींतले काही पँटोन रंग उघडल्यावर चक्क काळे दिसायला लागले होते. त्या आठवड्यात आमचा फोन खाली राहिला नाही.

दिवसाच्या मागण्यांबद्दल विचाराल तर डिझायनरला सगळ्यात वाईट फोन आमचाच जातो. मशीन लागलंय, प्लेट निघायची आहे, आणि फाईलमध्ये एक फॉण्ट सापडत नाही. हा फोन ऑफिसच्या वेळेत येत नाही.

वाचनमात्र

नेहमी फक्त वाचते, आज लिहितेय. माझ्या मुलीला याच क्षेत्रात जायचंय. वरचं वाचून धडकी भरली! एजन्सी नको, घरी बसून स्वतंत्र कामं करीन असं ती म्हणते. ते जास्त सुखाचं असतं का? आणि एक अडाणी प्रश्न: हातानं चित्र काढता येणं किती गरजेचं आहे?

तिरपी_रेघ

वाचनमात्रताई, चित्राचं आधी सांगते. सुंदर चित्र काढता आलंच पाहिजे असं नाही, पण पेन्सिलीनं पटापट विचार करता यायला हवा. कॉम्प्युटरवर पहिली कल्पना लगेच चकाचक दिसते, आणि चकाचक दिसली की माणूस तिच्यात अडकतो. कागदावरची वाकडीतिकडी चौकट फाडून टाकायला जीवावर येत नाही.

आता स्वतंत्र कामाबद्दल. सुख आहे, पण ते वेगळ्या जागी आहे. बॉस नसतो हे खरं. पण मग ब्रीफ घेणारी मी, क्लायंट सांभाळणारी सर्व्हिसिंगवाली मी, बिल पाठवणारी मी, पैशांसाठी तगादा लावणारी मी, आणि फाईलचा बॅकअप घेणारीही मीच. समासातला म्हणतात तो न मोजलेला वेळ इथे दुप्पट होतो. मी कामाचा अंदाज देताना आधी निव्वळ डिझाईनला किती वेळ लागेल ते धरते आणि मग जवळजवळ तेवढाच बाकीच्या भानगडींसाठी जोडते. ज्या क्लायंटला ते जास्त वाटतं त्याच्याकडे बहुतेक वेळा भानगडीच जास्त असतात.

लेखी काय असावं? किती ऑप्शन देणार, किती फेऱ्यांची करेक्शनं त्यात धरली आहेत, त्यानंतरच्या फेरीला किती, काम मध्येच बंद पडलं तर किती, आणि शेवटी काय हातात देणार. ओपन, म्हणजे बदल करता येणारी, फाईल देणार की फक्त पीडीएफ, यावरून जेवढे वाद होतात तेवढे रंगावरूनही होत नाहीत. "फायनल झालं, आता ती फाईलही पाठवून द्या" असं सहज म्हणतात. त्यात लेयर, विकत घेतलेले फॉण्ट, स्टॉक फोटो सगळं असतं. फॉण्टचं लायसन्स माझ्या नावावर आहे, मी तो पुढे पाठवू शकत नाही. हे सुरुवातीलाच सांगितलं तर समजतात, शेवटी सांगितलं तर अडवणूक वाटते.

ॲडव्हान्स घेतल्याशिवाय काम सुरू करू नये. आणि "आधी एक सॅम्पल करून दाखवा, आवडलं तर काम तुमचंच" याला नम्रपणे नाही म्हणावं. त्या वाक्यानं कामाचा सगळ्यात अवघड भाग, म्हणजे विचार, फुकटात मागितलेला असतो. मुलीला एवढं एक शिकवाच.

सॉफ्टवेअरचं भाडंही धरा. २०१३ पासून अडोबीनं नवी सॉफ्टवेअर पेटीत विकणं थांबवून फक्त वर्गणी ठेवली. काम असो वा नसो, महिना झाला की पैसे जातात. सुरुवातीला स्वस्तातली किंवा फुकट साधनं वापरली तरी बिघडत नाही, फक्त पुढच्या माणसाला फाईल उघडता आली पाहिजे.

आणि एकटेपणा. हे कुणी सांगत नाही. ऑफिसात मागून कुणीतरी येऊन "हे डावीकडे जड झालंय" म्हणतो, त्याची किंमत घरी बसल्यावर कळते. सुरुवातीची काही वर्षं तरी चार डिझायनर असलेल्या जागी काढावीत असं माझं मत आहे.

पिक्सेलराव

+१. पैशांचं म्हणाल तर नाइकेच्या लोगोला ३५ डॉलर मिळाले होते म्हणतात. आपण कुठल्या झाडाचा पाला!

तिरपी_रेघ

पिक्सेलराव, ती गोष्ट नेहमी अर्धीच सांगतात. कॅरोलिन डेव्हिडसन तेव्हा विद्यार्थिनी होती, १९७१ साली, आणि तिनं ताशी २ डॉलरनं बिल लावलं होतं. १९८३ मध्ये कंपनीनं तिला शेअर दिले. मला त्यात खटकतं ते ताशी बिलाचं. हात जितका तयार होतो तितका वेळ कमी लागतो, म्हणजे तरबेज माणसाला कमी पैसे! दुसऱ्या टोकाला नामवंत अमेरिकी डिझायनर पॉल रँड. १९८६ मध्ये स्टीव्ह जॉब्जच्या नेक्स्ट कंपनीला त्यांनी एकच लोगो दिला, सोबत तो तसा का आहे हे सांगणारी पुस्तिका दिली आणि एक लाख डॉलर घेतले. ऑप्शन द्यायला सरळ नकार. अर्थात तोवर त्यांच्या नावावर आयबीएमचा लोगो होता. तुम्ही-आम्ही असं केलं तर क्लायंट दार दाखवेल. पण लोगोबरोबर कारणं लिहून द्यायची पद्धत उचलण्यासारखी आहे. मी छोट्या कामांनाही अर्धं पान देते आणि त्यानं करेक्शनं खरंच कमी होतात.

खिडकीपाशी

मी क्लायंटकडची, मार्केटिंग खात्यातली. वर आमची यथेच्छ धुलाई झालीय, म्हणून थोडी बाजू मांडते.

मोठे साहेब शेवटी उगवतात हे खरं. पण त्यांना आम्हीही घाबरतो हो. डिझायनर काम पाठवून मोकळा होतो, मला ते पाच जणांसमोर मांडायचं असतं. विक्रीवाल्यांना किंमत मोठी हवी, कायदेवाल्यांना अटी मोठ्या हव्यात, साहेबांना लोगो मोठा हवा. तुम्ही फक्त चित्र पाठवलंत तर माझ्याकडे लढायला काहीच नसतं. तिरपी_रेघ म्हणतात ते अर्धं पान सोबत असेल तर मी तेच वाचून दाखवते.

दुसरं, "लोगो मोठा करा" वर सगळे हसतात. त्या मागणीत एक तक्रार असते: आमचं नाव दिसत नाहीये. मागे एका चांगल्या डिझायनरनं लोगो मोठा न करता आजूबाजूचा पसारा काढला, नाव लगेच दिसायला लागलं आणि साहेब खूश. आम्हाला दुखतं कुठे ते सांगता येतं, औषध सांगता येत नाही. पण सवयीनं आम्ही औषधच सांगतो. तेव्हा "का?" विचारा, चिडून नको, खरंच विचारा.

तिसरं म्हणजे तीन ऑप्शन. एक जीव ओतून केलेला आणि दोन भरतीचे, हे आम्हाला कळतं. गंमत म्हणजे समितीला बरेचदा भरतीचाच आवडतो. नको असलेला पर्याय दाखवूच नका.

आमची चूक असते ती अशी: पाच जणांचे अभिप्राय पाच वेगळ्या मेलनी जातात आणि ते एकमेकांना काटत असतात. डिझायनरनं ठणकावून सांगावं की एकच यादी, एकाच माणसाकडून पाठवा. आम्ही ऐकतो. कुणी सांगतच नाही.

समासातला

खिडकीपाशी, एकाच यादीचं लाख वेळा मान्य. पण "डिझायनर काम पाठवून मोकळा होतो" हे पटलं नाही. तुमच्या पाच जणांच्या मीटिंगला डिझायनरला बोलावतच नाहीत. मधला सर्व्हिसिंगवाला ऐकून येतो आणि "त्यांना मजा नाही आली" एवढंच सांगतो. त्या अर्ध्या तासाला आम्हाला कोपऱ्यात जरी बसू दिलंत तरी दोन दिवस वाचतील.

खिडकीपाशी

यात तथ्य आहे. पण कोपऱ्यात बसून तोंड पाडणार नसाल तर!

पिक्सेलराव

ॲप आणि वेबसाइटकडचं लिहितो. आमच्याकडे शाई नाही, प्लेट नाही, रात्री मशीन थांबलेलं नाही. त्याऐवजी काम कधी संपतच नाही. छापलेलं पोस्टर एकदा भिंतीवर लागलं की विषय मिटला. ॲपची स्क्रीन आज लोकांपर्यंत गेली तरी पुढच्या आठवड्यात बदलायची असते.

बाहेरच्यांना वाटतं आम्ही सुंदर पानं काढतो. प्रत्यक्षात एका साध्या यादीच्या पानासाठी किती अवस्था कराव्या लागतात बघा. यादीत काहीच नाही तेव्हा काय दिसेल? इंटरनेट गेलं तर? नाव एवढं लांब असेल की ओळीत मावत नाही तर? यादी येते आहे पण अजून आलेली नाही त्या दोन सेकंदांत? पोर्टफोलिओत दिसतं ते भरलेलं, नटलेलं पान, आणि कामाचे तास जातात ते बाकीच्यांत. नव्या मुलांनी पोर्टफोलिओत एखादं रिकामं आणि एखादं बिघडलेलं पान दाखवलं तर मी तरी लगेच मुलाखतीला बोलावीन.

रंगांबद्दल आमच्याकडेही शिस्त आहे, फक्त वेगळी. डब्ल्यूसीएजी नावाचे, अपंगांनाही वेबसाइट वापरता यावी यासाठीचे सुलभतेचे निकष आहेत, त्यांच्या नेहमीच्या पातळीप्रमाणे साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट निदान ४.५ ला १ लागतो, मोठ्या अक्षरांना ३ ला १. फिकट राखाडी अक्षरं पांढऱ्यावर टाकून "एलिगंट" म्हणणाऱ्यांचं तिथे अडतं. आणि चूक लाल, बरोबर हिरवं, एवढ्यावर भागत नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ पैकी एकाला लाल-हिरव्यात गोंधळ होतो. सोबत खूण किंवा शब्द लागतोच.

बाकी दिवस डेव्हलपरशी बोलण्यात जातो. त्यांना दोष देत नाही, आपण फाईलमध्ये सात प्रकारचे राखाडी वापरले तर ते तरी काय करणार.

अर्धविराम

कंपनीच्या आत बसणाऱ्या डिझायनरांबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. वेळेवर घरी जाता येतं, पगार वेळेवर होतो, पिच नाही. बदल्यात तोच लोगो, तेच दोन रंग, तोच फॉण्ट, वर्षानुवर्षं. काहींना ते कंटाळवाणं वाटेल. मला उलट आवडतं, कारण कालच्या डिझाईनचं काय झालं ते कळतं. एजन्सीत काम गेलं की गेलं.

खरा ताप म्हणजे "पाच मिनिटांचं काम". दुसऱ्या खात्यातला कुणीतरी टेबलापाशी येतो, एवढी स्लाइड जरा नीट करून दे म्हणतो. स्लाइडबरोबर अख्खं प्रेझेंटेशन येतं. दिवसात असे चौघे आले की मूळ काम संध्याकाळी सुरू होतं. मी आता एक छोटा फॉर्म ठेवलाय: काय हवं, कधी हवं, कुठे वापरणार. फॉर्म भरायचा म्हटलं की अर्धी पाच मिनिटांची कामं आपोआप विरघळतात.

अवांतर, पण देवनागरीत काम करणाऱ्यांसाठी. इनडिझाईन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारा पर्याय) निवडला नाही तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी बसायची ती नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. ज्याला ती लिपी वाचता येत नाही असा डिझायनर ते तसंच छापायला पाठवतो, त्याला चूक दिसतच नाही. दुसरं म्हणजे ट्रॅकिंग, अक्षरांमधलं अंतर. रोमन मथळ्याला अक्षरांत हवा सोडली की छान दिसतं म्हणून देवनागरीलाही तेच करतात आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. ओळींमधलं अंतरही रोमनच्या हिशोबानं ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. मजकूर दोन लिप्यांत असेल तर हे तपासायचा वेळ वेगळा मागून घ्या. कुणी आपणहून देत नाही.

शाईवाला

अर्धविराम, शंभर टक्के अनुमोदन. आमच्याकडे अशी फाईल आली की आम्ही परत पाठवतो, पण सगळे प्रेसवाले पाठवतील असं नाही.

वाचनमात्र

सगळ्यांचे आभार. मुलीला पूर्ण धागा वाचून दाखवला. ती घाबरली नाही, मीच घाबरले होते! तिचे दोन प्रश्न आहेत. एआय चित्रं काढतंय, टेम्प्लेट फुकट मिळतात, मग ती शिकून बाहेर पडेपर्यंत काम उरेल का? आणि पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत तिनं स्वतः काय विचारावं?

तिरपी_रेघ

टेम्प्लेटचं भय जुनं आहे. १९८५ मध्ये पेजमेकर हे कॉम्प्युटरवर पानं लावायचं सॉफ्टवेअर आलं तेव्हा पानं लावणाऱ्यांना हेच वाटलं होतं, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचं काम खरंच गेलं, हे लपवण्यात अर्थ नाही. २०१३ मध्ये तयार टेम्प्लेट देणारं कॅनव्हा आलं. वाढदिवसाचं निमंत्रण, साधी सूचना, छोटी पोस्ट ही कामं तिकडे गेली. मला त्याचं दुःख नाही, त्यात पैसे कमी आणि करेक्शनं जास्त होती.

समासातला

मी एआयबद्दल तेवढा निश्चिंत नाही. पार्श्वभूमी कापणं, फोटो रुंद करणं, दहा मापं पाडणं, हे यंत्र झपाट्यानं करतंय आणि मीही ते वापरतो. पण वर मी नवख्यांचा दिवस कशात जातो ते लिहिलंय, ती नेमकी हीच कामं. ती करता करताच माझी नजर तयार झाली. सीनियरच्या फाईलचे लेयर उघडून बघितले नसते तर मला काहीच आलं नसतं. आता कंपन्या म्हणतात नवखे कशाला हवेत. मग पुढचे सीनियर येणार कुठून, याचं उत्तर अजून मला कुणी दिलेलं नाही.

दुसऱ्या बाजूनं, मोठे क्लायंट एआयच्या चित्रांना बिचकतात त्याला कारण आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानं २०२३ मध्ये स्पष्ट केलं की माणसाच्या निर्मितीचा भाग नसलेल्या, निव्वळ यंत्रानं बनवलेल्या चित्राची नोंदणी होणार नाही. ज्या चित्रावर आपला हक्क सांगता येत नाही ते पॅकेटवर कोण छापेल? शिवाय क्लायंटशी बोलून त्याला नेमकं काय दुखतंय ते शोधणं, आणि चुकलं तर फोन उचलणं, ही कामं आहेतच.

म्हणून मुलीनं दोन्ही शिकावं. यंत्र वापरायलाही आणि ते न वापरता हातानं मापं पाडायलाही.

मुलाखतीत विचारायचं म्हणाल तर: इथे किती डिझायनर आहेत आणि माझं काम कोण बघणार? मंजुरी कुठल्या माणसापाशी संपते? मागच्या पिचच्या वेळी लोक किती वाजता घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी उशिरा आलं तर चाललं का? मी केलेलं काम पोर्टफोलिओत दाखवता येईल का, की करारात मनाई आहे? फॉण्ट आणि स्टॉक फोटो कंपनी विकत घेते का? शेवटचा प्रश्न फालतू वाटेल, पण जिथे फॉण्ट उचलून वापरतात तिथे उद्या नोटीस आली तर बोट डिझायनरकडे वळतं. उत्तर देताना समोरचा चुळबुळ करतोय का तेही बघावं.

अर्धविराम

त्यात भर: कॉम्प्युटरची मेमरी किती आहे विचारा. मोठी फाईल उघडताना अडणारं मशीन देऊन वेगाची अपेक्षा करणारी ऑफिसं आहेत. आणि खुर्ची. मुलाखतीला जाल तेव्हा डिझायनर कसल्या खुर्चीवर बसलेत ते येता-जाता बघून घ्या.

शाईवाला

आणि प्रेसमध्ये कधी घेऊन जातात का, हेही विचारायला सांगा तिला. प्रूफवर (छपाईच्या नमुन्यावर) सही करायला ज्युनियरला सोबत नेणाऱ्या जागा थोड्या आहेत, पण आहेत. तशी मिळाली तर पगार थोडा कमी असला तरी घ्यावी. एक दिवस मशीनपाशी उभी राहून पहिली शीट बाहेर येताना बघितली की वर मी लिहिलेलं सगळं तिला पुन्हा वाचावं लागणार नाही.